दत्ताचे कुत्रे आणि आपल्या दारातला कुत्रा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मागच्या दत्तजयंतीची गोष्ट आहे. आमच्या गावच्या दत्तमंदिरात तिन्हीसांजेला जन्मोत्सव झाला, पाळणा झाला, आरती झाली आणि महाप्रसादाच्या पंगती बसल्या. गाव वर्ध्याजवळचं, कपाशी-तुरीचं. कापूस वेचणीचे दिवस असले तरी त्या दिवशी शेतात कुणी थांबत नाही. वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात आणि बुंदी. माझ्या वयाच्या माणसाला आता वाढपाला कुणी हात लावू देत नाही. मला पंडालाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसवलं होतं आणि हातात काठी दिली होती. काम एकच, कुत्र्यांना आत येऊ द्यायचं नाही.

दुसरी पंगत चालू असताना एक तांबूस कुत्रा येऊन उभा राहिला. आत आला नव्हता. पंडालाच्या दोरीपलीकडे उभा राहून नुसता वास घेत होता. कुणीतरी मागून म्हणालं, "काकाजी, तो पाहा, आला." मी काठी फेकली. ती त्याच्या मागच्या पायावर बसली. तो केकाटत पळाला. दोन-चार जण हसले, मीही हसलो आणि काठी उचलून आणायला उठलो.

माझा नातू तिथंच उभा होता. आठ वर्षांचा आहे. त्यानं विचारलं, "आबाजी, तुमी त्याले काहून मारलं? त्यानं तं काई खाल्लंच नव्हतं."

मी म्हणालो, "खाल्लं नव्हतं, पण खाल्लं असतं."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाला, "तो साम्या होता."

आता हा साम्या कोण, ते सांगायला हवं. त्याच्या आदल्या आठवड्यात नातू माझ्याबरोबर मंदिरात आला होता. मूर्तीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, या कुत्र्यांची नावं काय? आपण सगळे लहानपणापासून जे ऐकत आलो तेच मी त्याला सांगितलं. महाराजांच्या मागची गाय म्हणजे पृथ्वी, आणि पायाशी बसलेले चार कुत्रे म्हणजे चार वेद. ऋग्वेद, यजुर्वेद, सामवेद, अथर्ववेद. त्यानं ते फार मनावर घेतलं. आमच्या गल्लीतही नेमके चारच कुत्रे. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ही सगळी पोरं त्यांना हाका मारताहेत, ऋग्या, यजू, साम्या, अथर्व! काही जाणत्या मंडळींना हे रुचलं नाही. वेदांची नावं उकिरड्यावरच्या कुत्र्याला? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मनात आलं, मूर्तीपुढं आपण तर कुत्र्यांनाच वेद म्हणतो. पोरांनी फक्त आपलं म्हणणं खरं मानलं.

त्याच आठवड्यात रोज रात्री मी त्याला कुत्र्यांच्या गोष्टी सांगत होतो. मुलांना या गोष्टी किती आवडतात ते घरोघरच्या आजी-आजोबांना ठाऊक आहे. राजाराणीची गोष्ट सांगताना पोरगं झोपतं, पण कुत्र्याच्या गोष्टीत जागं राहतं. आमच्या लहानपणी गोष्टीतल्या कुत्र्याचं नाव बहुधा मोत्या असे. मोत्या चोराला पकडून देई, मोत्या पुरातून लेकराला ओढून काढी. पुढं १९८५ साली 'तेरी मेहेरबानियां' नावाचा सिनेमा आला, त्यातही मोतीच होता. वर्ध्याच्या टॉकीजमधून बायामाणसं डोळे पुसत बाहेर पडलेली मी पाहिली आहेत. जपानातल्या हाचिको नावाच्या कुत्र्याची गोष्ट तर आता जगभर सांगतात. त्याचा मालक टोकियोत प्राध्यापक होता. रोज संध्याकाळी हाचिको शिबुया स्टेशनवर त्याला घ्यायला जाई. १९२५ च्या मे महिन्यात मालक कामावरच वारला. तरी कुत्रा १९३५ पर्यंत, आपलं मरण येईपर्यंत, त्या स्टेशनवर येत राहिला. तो जिवंत असतानाच लोकांनी त्याचा पुतळा तिथं उभारला.

या सगळ्या गोष्टी चांगल्याच आहेत. पण काठी फेकल्यानंतरच्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या सगळ्या कथा कुत्र्याच्या निष्ठेच्या आहेत. कुत्रा माणसाला सोडत नाही, एवढंच त्या सांगतात. माणूस कुत्र्याला सोडतो की नाही, याची परीक्षा त्यात कुठं होत नाही. ती परीक्षा ज्या गोष्टीत होते ती आपल्याच घरातली आहे, आणि जयंतीच्या आदल्या रात्री मी नातवाला तीच सांगितली होती.

महाभारताच्या शेवटी पांडव आणि द्रौपदी महाप्रस्थानाला निघतात. हस्तिनापुरातूनच एक कुत्रा त्यांच्या मागं लागतो. वाटेत द्रौपदी पडते, सहदेव पडतो, नकुल, अर्जुन, भीम पडतात. उरतात युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो. म्हणतो, राजा, चल, पण कुत्र्याला इथंच सोड. युधिष्ठिर नाही म्हणतो. इंद्र म्हणतो, कुत्रं पाळणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. मग खोचून विचारतो, भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, मग या कुत्र्याचाच एवढा लोभ का? युधिष्ठिराचं उत्तर फार नेमकं आहे. तो म्हणतो, ते मेले होते. मेलेल्याला मी जिवंत करू शकत नाही. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा माझ्या आश्रयाला आलेला आहे आणि जिवंत आहे. त्याला सोडणं हे महापाप आहे.

मग त्या कुत्र्याच्या जागी यमधर्म प्रगट होतो. आपण गोष्ट सांगताना इथं आवाज चढवतो, "आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता!" मुलं डोळे मोठे करतात. पण यात एक घोटाळा होतो, तो मला या वयात समजला. गोष्टीचा भर शेवटावर दिला की मुलाला वाटतं, तो धर्म होता म्हणून त्याला सोडायचं नव्हतं. युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हतं. त्याच्यापुढं निव्वळ एक कुत्रा होता. तो धर्म निघाला नसता, कुत्राच राहिला असता, तरी युधिष्ठिराचं म्हणणं तेच राहिलं असतं आणि तितकंच खरं राहिलं असतं.

आपण दत्तभक्तांनी याचा जास्त विचार करायला हवा, कारण आपल्या परंपरेत ही गोष्ट पुनःपुन्हा येते. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे नाथमहाराज गुरुसेवेत असताना दत्तप्रभूंनी दर्शन दिलं ते मलंगाच्या वेशात, सोबत कुत्री घेऊन. ती कुत्री म्हणजे कामधेनू, असं महिपतीबुवा सांगतात. नाथांना आधी ओळख पटली नाही. नामदेवराय पोळी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागं तुपाची वाटी घेऊन धावले. शिर्डीला एका बाईंनी भुकेल्या कुत्र्याला भाकरी घातली आणि साईबाबांनी सांगितलं की माझं पोट भरलं, ही कथा साईसच्चरिताच्या नवव्या अध्यायात आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी माणूस कुणाकुणाकडे समदृष्टीनं पाहतो ते सांगताना विद्वान ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्या रांगेत कुत्र्याचं नाव स्पष्ट घेतलं आहे. काळभैरवाचं वाहन कुत्रा, खंडोबाच्या सोबतही कुत्रा.

एवढं सगळं आपल्या पोथ्यांत आहे. आणि दोरीपलीकडे उभ्या असलेल्या साम्याच्या पायावर काठी बसली ती माझ्याच हातून. आदल्या रात्री गोष्ट सांगणारं तोंड माझंच होतं.

मनाची समजूत घालायला मी महाभारत पुन्हा काढून बसलो, तर समाधान मिळायच्या ऐवजी आणखीच सापडलो. महाभारताच्या शेवटी कुत्रा आहे हे आपल्याला ठाऊक असतं. सुरुवातीलाही एक कुत्रा आहे. आदिपर्वात जनमेजय कुरुक्षेत्री यज्ञ करतो आहे. देवांची कुत्री सरमा, तिचं पिलू तिथं येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काही केलंस का? ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या लेकरानं काही अपराध केला नव्हता, मग त्याला का मारलंत? कुणाकडेच उत्तर नसतं. तेव्हा ती म्हणते, निरपराध्याला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल.

वाचलं आणि पुस्तक तसंच मांडीवर राहिलं. माझ्या नातवानं जे विचारलं तेच सरमेनं विचारलं होतं. त्यानं काही खाल्लंच नव्हतं.

आणखी एक पाहा. हा जनमेजय कोण? अर्जुनाचा पणतू. ज्या घरातला थोरला कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात अडून बसला, त्याच घरातली पणतवंडं यज्ञाच्या मांडवात कुत्र्याच्या पिलाला बडवत होती. म्हणजे थोरांची गोष्ट घरात असली म्हणून ती हातात उतरते असं नाही. व्यासांनी हे दोन कुत्रे ग्रंथाच्या दोन टोकांना उगीच ठेवले नसावेत असं मला वाटतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे ठीक आहे, पण कुत्रे चावतात त्याचं काय? बरोबर आहे. त्या प्रश्नाकडे पाठ फिरवून भूतदयेवर लिहिणं म्हणजे अर्धं सांगणं. आणि हा प्रश्न माझ्याच दारात आला.

साम्या त्या दिवसानंतर लंगडत चालू लागला. काठी दिसली की दात काढी. उन्हाळ्यात एक दिवस शेजारचा पोरगा क्रिकेटची बॅट हातात घेऊन गल्लीतून धावत आला आणि साम्यानं त्याची पोटरी धरली. रक्त आलं. सगळी गल्ली गोळा झाली. त्याच संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. कुणी म्हणालं, "मारून टाका." कुणी म्हणालं, "पोत्यात घालून दूर सोडून या." एक जण म्हणाला, "पोरांनी नावं ठेवून ठेवून डोक्यावर बसवले हे कुत्रे."

मी गप्प होतो. तो कुत्रा काठीला का भितो ते त्या बैठकीत दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि नातवाला. तो माझ्याकडे पाहत होता. त्यानं तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी मीच सांगितलं. जयंतीच्या दिवशी मी याला विनाकारण मारलं, तेव्हापासून हा काठीला बिथरतो. आजचं त्याच्यामुळंच झालं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही, पण झालं नसेल असंही म्हणू शकत नाही. त्या पोराच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकाजी, तुमचं पाप तुमच्यापाशी. लेकरू माझं होतं." तिचं काही चुकलं नाही. या लेखात मी कितीही पुराणं सांगितली तरी तिच्या त्या एका वाक्याला उत्तर नाही. युधिष्ठिरानं कुत्र्यासाठी पणाला लावला तो स्वतःचा स्वर्ग. शेजाऱ्याचं लेकरू पणाला लावायचा अधिकार त्याला नव्हता, आपल्यालाही नाही.

हीच अडचण महात्मा गांधींपुढं १९२६ साली आली होती. अहमदाबादच्या एका गिरणीमालकानं आपल्या आवारातले साठ भटके कुत्रे मारवले. त्यांच्यात पिसाळण्याचं भय होतं. गावात गहजब झाला. गांधीजींना विचारलं, तेव्हा त्यांनी, दुसरा उपाय नव्हता, असं म्हणून त्या मालकाची बाजू घेतली. अहिंसेच्या पुजाऱ्यानं असं म्हणावं म्हणून लोकांनी संतापून पत्रं लिहिली. त्याला उत्तर म्हणून त्यांनी 'यंग इंडिया'त लेखांची मालिकाच लिहिली. त्यांचं सगळं म्हणणं आपल्याला पटेलच असं नाही. कुत्रे मारण्याबद्दलचं मला आजही पटत नाही, आणि आज मारण्याशिवाय दुसरे उपाय आहेत. पण त्यांच्या म्हणण्यातला एक भाग माझ्या वर्मी लागला. त्यांचा मुद्दा असा की रस्त्यावरच्या कुत्र्यापुढं तुकडा टाकून पुढं निघून जाणं ही दया नव्हे. दया असेल तर त्याला पाळा, त्याची जबाबदारी घ्या, नाहीतर ती घेणारी व्यवस्था उभी करा. बेवारस कुत्रा गावात फिरतो हा कुत्र्याचा दोष नाही, तो समाजाचा आळस आहे.

याच गांधीजींनी पुढं १९३६ मध्ये आपल्या जिल्ह्यात शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, मुक्काम केला. जंगल-शेताचा भाग, साप-विंचू फार. तिथं साप मारायचा नाही असं ठरलं होतं. आश्रमात गेलेल्यांनी साप धरायचा लाकडी चिमटा आणि त्याला ठेवायचा पिंजरा पाहिला असेल. साप धरायचा, पिंजऱ्यात घालायचा, दूर नेऊन सोडायचा. मी कितीदा तो चिमटा पाहिला, पण त्याचा अर्थ मला या बैठकीनंतर कळला. "साप मारू नका" एवढं भिंतीवर लिहून ते थांबले नाहीत. साप अंथरुणात निघाला तर काय करायचं, याची सोय आधी केली. दयेला असा चिमटा लागतो. तो नसला तर दया फक्त बोलण्यात राहते, आणि वेळ आली की हात काठीकडे जातो.

म्हणून आमच्या गावात मग काय केलं ते थोडक्यात सांगतो. मोठं काही नाही.

पहिलं त्या पोराचं. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची असते. आमच्याकडे आधी कुणीतरी तिखट आणायला धावलं होतं. तिखट, चुना, हळद काही लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जावं आणि लसीच्या सगळ्या सुया तारखेवर घ्याव्यात. दोन घेतल्या, बरं वाटलं, आता राहू दे, असं करू नये. हा रोग एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर तो होऊ देत नाही. १८८५ साली पाश्चरनं फ्रान्समध्ये पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला ही लस टोचली आणि तो पोरगा जगला. तेव्हापासून हे ज्ञान आपल्या हाताशी आहे. आपल्या विदर्भात घरोघर गजानन विजय वाचला जातो. त्यात भास्कराला पिसाळलेला कुत्रा चावल्याची कथा आहे. ती महाराजांच्या अधिकाराची आणि भास्कराच्या भक्तीची कथा आहे. तिच्या भरवशावर कुणी लस टाळू नये. श्रद्धा आणि लस यांचं भांडण नाही.

दुसरं साम्याचं. त्याला दहा दिवस डोळ्यांखाली ठेवायला सांगितलं होतं. पिसाळलेला असेल तर तेवढ्यात कळतं. तो मी माझ्या अंगणात बांधून ठेवला. आमच्या घरी सुनबाई आधी नाराज होती, तिच्याही घरात लेकरू आहे. मी म्हटलं, खाणं-पाणी मी करीन, तू जवळ येऊ नको. दहा दिवस मी त्याच्या भांड्यात पाणी ओतलं, घाण काढली. पहिले चार दिवस मी जवळ गेलो की तो भिंतीला चिकटून थरथरत असे. हातात काही नाही हे दाखवायला मी दोन्ही हात मोकळे धरून जायचो. अभिषेकाच्या वेळी ओंजळ धरतो तसे. पाचव्या दिवशी त्यानं माझ्यासमोर भाकर खाल्ली. साम्या ठणठणीत राहिला. मग जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून चारही कुत्र्यांना लस टोचली.

तिसरं गावाचं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं, आणि हे काम स्थानिक स्वराज्य संस्थांचं आहे. पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडणं हा उपाय नाही, ते आपलं भय दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे. आम्ही ग्रामपंचायतीला अर्ज दिला, पाठपुरावा चालू आहे. वर्ध्याला पिपरी मेघे इथं करुणाश्रम आहे, जखमी-आजारी मुक्या जिवांना तिथं आसरा मिळतो. अशा ठिकाणी वाढदिवसाचे, पुण्यतिथीचे चार पैसे जावेत. आणि मंदिरात एक ठरलं. पंगतीच्या उष्ट्या पत्रावळी उघड्यावर फेकायच्या नाहीत. कुत्रे जमतात, भांडतात, ते आपल्याच सांडलवंडीमुळं. गाडगेबाबांनी आयुष्यभर हाती झाडू धरला आणि मुक्या प्राण्यांना अभय द्या असंही सांगितलं. या दोन गोष्टी मला आधी वेगवेगळ्या वाटत. आता वाटतं, पंगतीची जागा झाडली तर कुत्र्याला काठी मारायची वेळच येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मुलांना कुत्र्यांच्या गोष्टी सांगाव्यात की नाही? सांगाव्यातच. पण गोष्ट म्हणजे मुलाला दिलेला शब्द असतो हे धरून सांगाव्यात. मूल गोष्ट ऐकतं आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पाहतं. गोष्टीतला युधिष्ठिर त्याला दिसलेला नसतो, आबाजी दिसलेले असतात. तेव्हा त्याला गोष्टीतलं सुटलेलं अर्धंही सांगावं. अनोळखी कुत्र्याला पळत जाऊन धरू नये, तो खात असताना, झोपला असताना, पिलांपाशी असताना त्याच्या जवळ जाऊ नये. आणि ज्याला नाव ठेवलं त्याच्या पाण्याचं भांडं रोज कुणी भरायचं, हेही ठरवावं. नाव ठेवलं की तो बेवारस राहत नाही. पोरांनी साम्याला नाव दिलं तेव्हाच तो आमचा झाला होता, कळायला मला वेळ लागला.

दत्तप्रभूंनी चोवीस गुरू केले. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला ती सगळी यादी सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, कबुतर, अजगर, पतंग, भुंगा, हत्ती, हरीण, मासा, टिटवी, साप, कोळी. मी ती यादी परत परत पाहिली. त्यात कुत्रा नाही. मला नवल वाटलं. जो सदैव पायाशी बसतो त्याचं नाव गुरूंच्या यादीत कसं नाही? याचं शास्त्रोक्त उत्तर जाणकारांनी द्यावं. मला आपलं वाटतं की तो शिकवायला बसलेला नाही, आश्रयाला बसलेला आहे. त्याच्याकडून काय शिकायचं हा प्रश्नच नाही. त्याला तिथं बसू द्यायचं की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि महाराजांनी तो आपल्यापुरता सोडवला आहे.

त्या यादीत कुत्रा नाही, पण बालक आहे. मानापमान न जाणणारं लहान मूल, त्याला अवधूतानं गुरू केलं. माझा गुरू आठ वर्षांचा आहे आणि सध्या तिसरीत शिकतो.

यंदाही जयंतीला मला पंडालाच्या तोंडाशीच बसवणार आहेत. मी मंडळींना सांगून ठेवलं आहे, बसतो, पण काठी देऊ नका. पंगती उठल्यावर मागच्या बाजूला लिंबाखाली चार पत्रावळी मांडायच्या, वरण-पोळीच्या, बुंदीशिवाय, हे काम मी आणि नातवानं मागून घेतलं आहे. त्या पोराची आई अजून माझ्याशी फारसं बोलत नाही. मात्र परवा तिचा पोरगा आमच्या फाटकाशी उभा राहून विचारत होता, "काकाजी, साम्या बांधला आहे ना?" मी म्हटलं, बांधला आहे. तो आत आला नाही. बाहेरूनच थोडा वेळ पाहत उभा राहिला. मी त्याला ये म्हटलं नाही. त्याला यायचं तेव्हा येईल.

साम्या अजून लंगडतो.

श्री गुरुदेव दत्त.